ड्रेस्डेन की कॉव्हेंट्री: आधी कोणतं रेक्विएम ऐकावं?

रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेची संगीतरचना. इथे ज्या दोन रचनांबद्दल लिहितो आहे, त्या दोन्हींमागे बॉम्बहल्ल्यात जळालेलं एकेक चर्च आहे आणि दोन्हींत लहान मुलांचे गळे आहेत. एक जर्मन संगीतकार रुडॉल्फ माउअर्सबेर्गर यांचं 'ड्रेस्डेन रेक्विएम', दुसरं इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं 'वॉर रेक्विएम'. दोन्ही एकाच आठवड्यात ऐकायला घेऊ नयेत असं मी सुचवेन, एकाची सावली दुसऱ्यावर पडते. मग सुरुवात कुठून करायची, एवढ्यापुरतंच लिहितो आहे.

ब्रिटन यांची रचना बहुतेकांना निदान ऐकून माहीत असते. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं जुनं कॅथीड्रल नोव्हेंबर १९४० मध्ये जळालं, नवं उभं राहिलं तेव्हा १९६२ साली तिचा पहिला प्रयोग झाला. लॅटिन प्रार्थनांच्या मधेमधे विल्फ्रेड ओवेनच्या इंग्रजी कविता येतात. पहिलं महायुद्ध थांबायला आठवडा उरला असताना, पंचविसाव्या वर्षी मारला गेलेला हा कवी. त्यातली एक जागा कितीही वेळा ऐकली तरी माझ्या अंगावर येते. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो, देवदूत त्याला थांबवतो, ही मूळ गोष्ट. ओवेनचा म्हातारा मात्र देवदूताचं ऐकत नाही. तो मुलाला मारतो, आणि त्याच्याबरोबर युरोपची निम्मी संततीही, एकेक करून. ओवेनच्या कविता गाणारे दोन्ही पुरुष गायक ते शब्द पुन्हापुन्हा घोळवत असतात आणि त्याच वेळी लांबून मुलं अगदी शांतपणे अर्पणाची प्रार्थना गात असतात.

माझी अडचण या 'लांबून'पाशीच सुरू होते. ब्रिटन यांनी मुलांना मुद्दाम दूर ठेवलं आहे, सोबतीला फक्त एक छोटा ऑर्गन. मोठ्या वास्तूत याचा परिणाम विलक्षण होत असणार. आमच्या घरी वर पंखा, खाली रिक्षा आणि शेजारी कुकरच्या शिट्ट्या. मुलांचे शब्द कानी पडावेत म्हणून आवाज वाढवावा, तर थोड्याच वेळात 'होसाना' या स्तुतीच्या जागी ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांचा ताफा, असा कोसळतो की घरातले दचकून बाहेर येतात. म्हणून कमी करावा, तर पुढची मुलं गायब. मृतांसाठीची प्रार्थना ऐकताना हात सतत रिमोटवर असेल तर मन कशात लागणार? हेडफोन लावून पाहिले. थोडं सुधारतं, पण मग त्या कडकडाटाची धास्ती बसते आणि शांत जागाही सावधपणे ऐकल्या जातात. दोष ध्वनिमुद्रणाचा नाही, रचनेचा तर नाहीच. पण मला ऐकायचं असतं ते माझ्याच घरात, आणि माझ्यापुरता निकाल इथे लागला.

ड्रेस्डेनकडे मी वळलो तो या वैतागापायी. क्रॉइट्सकोर हा तिथल्या क्रॉइट्सकिर्श चर्चचा मुलांचा गायकवृंद आठशे वर्षांहून जुना. माउअर्सबेर्गर १९३० पासून त्याचे प्रमुख. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, चर्च जळालं आणि वृंदातली अकरा मुलं गेली. त्याच वसंतात, ईस्टरच्या आसपास, माउअर्सबेर्गर यांनी बायबलमधल्या विलापगीतातल्या ओळी घेऊन साथीशिवाय गायचं एक छोटं गीत रचलं. ४ ऑगस्टला ते क्रॉइट्सकिर्शच्या जळक्या भिंतींच्या आत गायलं गेलं. रेक्विएम त्यानंतरचं, १९४७-४८ मधलं. पुढे १९६१ पर्यंत ते त्यात फेरफार करत राहिले.

इथे वरची पट्टी लहान मुलांची आणि खर्ज त्याच वृंदातल्या मोठ्या मुलांचा. सगळे जेमतेम अठरा-एकोणिसाच्या आतले. ब्रिटन यांच्याकडे शोक मोठी माणसं करतात आणि मुलं दुरून प्रार्थना म्हणतात. इथे शोकही मुलांचाच आहे, गेलेल्या सोबत्यांसाठी केलेला. गायकांचे तीन गट तीन ठिकाणी उभे असतात, त्यातला एक इथेही लांबचा. पण व्हायोलिनांचा ताफा नाही. ब्रास, तालवाद्यं, घंट्यांसारखा नाद असलेला चेलेस्टा, ऑर्गन एवढ्यावर भागतं आणि बराच भाग नुसत्या गळ्यांचा आहे. त्यामुळे लांबचा गट आमच्या बैठकीतही ऐकू येतो. ब्रास इथेही गरजतो, पण मला तरी त्याची चाहूल आधी लागते. एकदा आवाज लावला की शेवटपर्यंत रिमोटला हात लावावा लागत नाही.

संगीतकार म्हणून ब्रिटन मोठे, यात वाद नाही. माउअर्सबेर्गर यांची रचना काही जणांना जुन्या वळणाची वाटेल. कोराल, म्हणजे चर्चमधली साधी समूहभजनं, एकामागून एक येत राहतात, आणि जर्मन येत नसेल तर अर्थ समोर ठेवावाच लागतो. ओवेनच्या ओळी इंग्रजी जाणणाऱ्याला थेट भिडतात, ती सोय इथे नाही. ज्यांच्याकडे शांत खोली आणि चांगले स्पीकर आहेत, त्यांनी कदाचित कॉव्हेंट्रीपासूनच सुरुवात करावी. बाकीच्यांनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, ड्रेस्डेन आधी घ्यावं असं मला वाटतं.

त्यातही आधी ते १९४५ चं छोटं गीत. मराठी बायबलमधल्या विलापगीताचा पहिला अध्याय वाचून बसा. माणसांनी गजबजलेली नगरी ओस पडली आहे, तिथूनच ते सुरू होतं. मग रेक्विएम, क्रॉइट्सकोरनं मत्थियास युंग यांच्या संचालनाखाली गायलेलं.

'वॉर रेक्विएम' घर रिकामं असेल त्या सुट्टीसाठी ठेवा. ते मात्र १९६३ चं, ब्रिटन यांनी स्वतः संचालन केलेलंच घ्या. रशियन विश्नेव्हस्काया, इंग्रज पिअर्स आणि जर्मन फिशर-डिस्काउ या ज्या तीन गायकांना डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ही रचना केली, ते तिघे त्यात एकत्र आहेत. कॉव्हेंट्रीच्या पहिल्या प्रयोगाला सोव्हिएत सरकारनं विश्नेव्हस्काया यांना येऊ दिलं नव्हतं.