स्किझोफ्रेनिया: बरं वाटू लागल्यावर गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या?

हा प्रश्न या मानसिक आजाराच्या ऐन भरात पडत नाही. कानात ऐकू येणारे आवाज थांबले, संशय ओसरला, झोप लागू लागली की पडतो.

चालू ठेवण्याच्या बाजूला भक्कम आकडे आहेत. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ औषध-चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सात ते बारा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांचा आजार उलटला. औषधाच्या जागी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. म्हणजे गोळ्यांशिवायही काही जण तेवढा काळ ठीक राहिले, पण ते कोण हे आधी ओळखता येत नाही. निरुत्साह आणि अबोलपणा मात्र औषधाने फारसा हटत नाही. तेवढ्यावरून औषध निकामी ठरवू नये.

दुसऱ्या बाजूचा त्रासही खरा आहे. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या औषधांनी वजन व साखर वाढते, रिस्पेरिडोनने पाळी चुकते, कामेच्छा कमी होते. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरतं, हात कापतात. वर्षानुवर्षांच्या वापराने जिभेच्या व ओठांच्या आपोआप हालचाली सुरू झाल्या, तर त्या औषध सोडल्यावरही राहू शकतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अस्वस्थतेचा. माणूस बसू शकत नाही, सारख्या येरझारा घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. डोस वाढवला जातो आणि येरझारा आणखी वाढतात. ही अस्वस्थता गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आली का, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. ताठरपणासोबत तीव्र ताप आणि गोंधळलेपणा दिसला, तर लगेच रुग्णालय गाठा.

थांबवल्यावर पहिले काही आठवडे अनेकदा उलट छान जातात, कारण सुस्ती उतरते. आजार बहुधा नंतर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उलटतो. म्हणून ‘सोडलं आणि काहीच झालं नाही’ हा निष्कर्ष महिनाभरात काढू नये.

आमच्या मते आधी औषध बदलून किंवा डोस कमी करून पाहावं. वजनाचा त्रास असेल तर अरिपिप्राझोलचा विचार होतो, मात्र त्याने अस्वस्थता येऊ शकते. गोळ्या विसरत असतील तर महिन्याचं इंजेक्शन सोयीचं. वजन, कंबर, साखर आणि रक्तातली चरबी सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग दरवर्षी तपासावी.

तरीही थांबवायचंच असेल, तर आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर निदान एक-दोन वर्षं स्थिर गेल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन्‌महिने हळूहळू उतरवत. झोप कमी झाली की लगेच कळवायचं. क्लोझापिन मनाने कधीच सोडू नये. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस थेट घेता येत नाही, डॉक्टर १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवतात.