अलास्कातून मुखवटा घेताय? आधी उलटा करून आतून पाहा

गेल्या सप्टेंबरमध्ये आईला घेऊन सिअ‍ॅटलहून अलास्काच्या क्रूझला गेले होते. केचिकनला बोटीतून उतरलं की धक्क्यासमोरच दुकानांची रांग लागते. त्यातल्या एका दुकानातून मी १,८५० डॉलर मोजून डोमकावळ्याचा लाकडी मुखवटा घेतला. क्लिंगिट या तिथल्या मूळनिवासी जमातीतल्या कारागिराने हाताने कोरलेला आहे, पॉटलॅचमध्ये, म्हणजे त्यांच्या भेटी वाटण्याच्या समारंभात, नाचवलेला आहे, असं सांगून तो मला विकला. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. येत्या उन्हाळ्यात आपल्यातले बरेच जण आईवडिलांना घेऊन तिकडे जातील, म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

विक्रेता अतिशय गोड बोलला. भाव २,६०० चा, पण सीझन संपत आला म्हणून १,८५०. कारागिराचं नाव विचारलं, तर म्हणाला, "इथलेच एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना नाव पुढे केलेलं आवडत नाही." मला ते उलट भावलं.

आई मूळची येवल्याची. पैठणी हातात आली की ती आधी पदर उलटा करून पाहते. मुखवटाही तिने तसाच उलटा केला. आत काळं फेल्ट चिकटवलेलं होतं. तिने नखाने त्याची कड उचलली, तेवढ्यात विक्रेत्याने हसत हसत मुखवटा तिच्या हातून काढून घेतला. म्हणे, आतला जुना रंग निघेल. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अगं, आतून झाकलंय कशाला?" मी बोट सुटायच्या घाईत होते. "चल गं आई," एवढंच म्हणाले.

डिसेंबरात घरातल्या हीटरने लाकूड वाळलं आणि चोचीपाशी चीर पडली. इथे मूळनिवासी कलाकारांचा बाजार भरतो, तिथे एका क्लिंगिट कोरक्याकडे मी दुरुस्तीसाठी मुखवटा नेला. त्याने पुढून एकदाच पाहिलं, उलटा केला आणि मला विचारून फेल्ट ओढून काढलं. आत यंत्राने मारलेल्या एकसारख्या गोल चऱ्या होत्या. हनुवटीच्या जागी रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासलेला, कडेला डिंकाचा पिवळा डाग. "इथे देशाच्या नावाचं स्टिकर असणार," तो म्हणाला. बाहेरून आणलेल्या मालावर ते लावावं लागतं.

मग त्याने स्वतःचा एक मुखवटा माझ्या हातात दिला. आतून वाकड्या पात्याच्या सुरीचे लहान लहान घाव, कपाळ टेकायला खोलगट जागा, बघायला भोकं, बांधायला दोरी. माझ्या मुखवट्याला डोळे नुसते रंगवलेले होते. तो घालून नाचणारा माणूस दोन पावलांत धडपडला असता! कोरक्याच्या मुखवट्याचं लाकूड अल्डर झाडाचं होतं, तिकडे मुखवट्याला अल्डर किंवा सीडर वापरतात. माझं फिकट, हलकं, कसलाच वास नसलेलं. रंगकामातही फरक. त्यांच्या कलेतली मुख्य काळी रेघ, जिला फॉर्मलाइन म्हणतात, ती वळणावर फुगते आणि टोकाकडे निमुळती होते. माझ्या मुखवट्यावर ती मार्करने ओढल्यासारखी इथून तिथून एकाच जाडीची.

"आणि समारंभात नाचवलेला कुळाचा मुखवटा दुकानात कसा येईल?" हे त्याने फार शांतपणे विचारलं. डोमकावळा, गरुड, अस्वल, देवमासा ही त्यांच्याकडे कुळांची चिन्हं. ती मिरवण्याचा हक्क कुळाचा, आणि पॉटलॅचमध्ये सगळ्यांसमक्ष, भेटी वाटून तो हक्क सांगायचा. कॅनडाने १८८५ ते १९५१ पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. १९२१ मध्ये तिथल्या व्हिलेज आयलंडवर पॉटलॅच केल्याबद्दल क्वाक्वाकावाक्व या मूळनिवासी लोकांना तुरुंगात टाकलं, त्यांचे मुखवटे आणि तांब्याच्या ढाली काढून घेतल्या. त्यातल्या काही वस्तू परत आल्यावर त्या ठेवायला अलर्ट बे इथे १९८० मध्ये उमिस्ता केंद्र उघडलं. हे ऐकल्यावर पैशांपेक्षा मला त्या "नाचवलेला आहे" या शब्दांचा जास्त राग आला.

त्याच्या टेबलावर अल्डरचा एक चमचा होता, नव्वद डॉलरचा. "केचिकनला याच पैशांत केवढं मोठं मिळतं," असं म्हणून सकाळपासून तिघांनी तो परत ठेवला होता. तो मी घेतला.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर फक्त "लाकडी मुखवटा, अलास्कन स्टाइल" लिहिलेलं. पावतीप्रमाणे माल मिळाला, असं कार्ड कंपनीचं उत्तर आलं. खरं तर परक्या मालाला मूळनिवाशांच्या हातचा म्हणून विकणं हा १९९० च्या अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फिलिपिन्समध्ये कोरून घेतलेला माल केचिकनमध्ये असाच विकल्याबद्दल २०२३ मध्ये एकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. पण माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. त्यामुळे पैसे देण्याआधी कारागिराचं नाव आणि जमात पावतीवर लिहून मागा. खऱ्या मालाचा दुकानदार आनंदाने लिहून देतो. अलास्कात राहणाऱ्या, नोंदणी केलेल्या मूळनिवासी कलाकारांच्या वस्तूंवर "सिल्व्हर हँड"चा, हाताचं चित्र असलेला टॅग असतो. अस्वलाच्या चित्राच्या "मेड इन अलास्का" शिक्क्याशी त्याची गल्लत करू नका, तो शिक्का वस्तू अलास्कात झाली एवढंच सांगतो. कॅनडातल्या हायडा जमातीच्या कलाकाराकडे सिल्व्हर हँड नसणार, तिथे नाव आणि गाव हाच आधार.

आणि खरेदीआधी तासभर काढून केचिकनचं टोटेम हेरिटेज सेंटर किंवा जवळच सॅक्समनची कोरीवकामाची शेड बघून या. तिथल्या जुन्या कोरीव टोटेम खांबांसमोर उभं राहिलं की ती फुगती-निमुळती रेघ डोळ्यांत बसते. मी बोटीवरून उतरून थेट दुकानात शिरले होते.

इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड या अमेरिकी सरकारी मंडळाकडे (इथे 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी) तक्रार केली आहे. सोबत मुखवट्याच्या आतल्या बाजूचे, त्या घासलेल्या गोलाचे फोटो जोडले आहेत. मुखवटा पुरावा म्हणून कपाटात ठेवलाय, फेल्ट वेगळं पाकिटात.