राजारामपुरीतलं मुलांचं हॉस्पिटल : पाचपैकी चार

परवा धाकटीला ताप आला म्हणून गेलो, तर टोकन ४७. बाकावर जागा नाही, शेजारचं बाळ माझ्या चपलेवर दूध ओकलं. (चपलेचंच दुकान आहे, चालायचंच.) तरी गर्दी बघून बरं वाटलं. हाच हॉल मी मे २०२० मध्ये मोकळा बघितलाय.

तेव्हा थोरला सहा वर्षांचा. पोटात दुखायला लागलं. आईनं ओवा दिला, बेंबीभोवती हिंग लावला. दुसऱ्या दिवशी ताप. दवाखान्यात नेऊया म्हटलं तर घरात सगळ्यांचं एकच, "बाहेर काढू नको, तिथनं कोरोना घेऊन येशील." सीपीआर, म्हणजे आमचं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, कोरोनासाठी राखलेलं, हॉस्पिटलचं नाव काढलं तरी धडकी भरायची. मीही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी पोरगं कमरेत वाकून चालायला लागलं, तेव्हा गाडी काढली. आधी एका मोठ्या ठिकाणी गेलो. वॉचमननं कपाळाला मशीन लावलं, १०२, आणि "स्वॅबचा रिपोर्ट आणा" म्हणून गेटवरनंच परत.

इथं डॉक्टर स्वतः पायरीपर्यंत आले. पोटावर उजवीकडं खाली हळूच दाबलं, हात सोडला, आणि पोरगं किंचाळलं. अपेंडिक्स. सोनोग्राफीत फुटलेलं दिसलं. स्वॅब घेतला, पण रिपोर्टची वाट न बघता किट चढवून रात्रीच ऑपरेशन. आठ दिवस मुक्काम, पोटाला नळी.

"पहिल्याच दिवशी आला असता तर एवढं झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. रिकाम्या बाकांकडं बघून मी विचारलं, "पोरं आजारीच पडेनात काय?" म्हणाले, "काही खरंच पडत नाहीत. शाळा बंद, सर्दी-जुलाब एकमेकांना लागत नाहीत. पण अपेंडिक्स काय शाळेतनं लागतो काय?" इटलीत त्या मार्चमध्ये पाच हॉस्पिटलांतल्या मुलांच्या इमर्जन्सी विभागात पेशंट ७३ ते ८८ टक्क्यांनी घटले होते, आणि घाबरून उशिरा आणलेली काही पोरं दगावली होती. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी नळीकडं बघत होतो.

जूनमध्ये त्यांचाच फोन. "दादा, बाळाला नऊ महिने झाले ना? गोवर-रुबेलाची राहिलीय, कार्ड बघा." सिस्टरांनी रजिस्टर काढून एकेका घरी फोन लावलेले. कार्ड फ्रिजच्या मागं पडलेलं. लसीला मागच्या बोळातलं दार, सकाळची वेळ, तापाचे पेशंट संध्याकाळी पुढच्या दारानं. २०२० मध्ये जगात सुमारे २ कोटी ३० लाख मुलांच्या नेहमीच्या लसी चुकल्या, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नंतर सांगितलं. आमची त्या आकड्यात गेली नाही ती त्या फोनमुळं.

आता एक स्टार का कापला. बिलात 'पीपीई किट' अशी वेगळी ओळ होती, आणि ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. किट लागले हे कबूल, पण दुकान बंद असलेल्या माणसाला आकडा आधी कळायला हवा. दुसरं, नंबर लावायचा फोन सकाळी नऊ ते दहा लागतच नाही, आजही. पार्किंगचं तर बोलूच नका, मी स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावतो.

काउंटरशेजारी हातानं लिहिलेला एक बोर्ड आहे : नंबर न लावता थेट आत या. दम लागणं, फिट येणं, बाळ दूध न पिणं, खूप तहान आणि सारखी लघवी. सगळ्यात खाली वेगळ्या शाईत, 'पोट धरून वाकून चालणं'. थोरल्याला दाखवला. तो म्हणाला, "पप्पा, हे माझंच हाय काय?" सिस्टर हसल्या, काही बोलल्या नाहीत.