गोधडीसाठी घेतलेलं जुनं काळं मशीन: दिवाळीपासूनचा अनुभव

गोधडीसाठी कमी पैशांत मशीन शोधत असाल, तर नवीन इलेक्ट्रिक घेण्याआधी जुनं, काळं, ओतीव लोखंडाचं पायाचं मशीन एकदा चालवून बघाच. मी दिवाळीच्या आधी सेकंडहँड घेतलं, स्टँडसकट साडेचार हजारांना. तेव्हापासून घरच्या आणि ऑर्डरच्या सगळ्या गोधड्या त्याच्यावरच होतायत आणि मी खूश आहे.

आधीचं इलेक्ट्रिक झिगझॅग मशीन ब्लाउज-फ्रॉकपर्यंत छान चालायचं. पण जुन्या साड्यांचे पाच-सहा पदर आणि वर तुकड्यांचं जोडकाम आलं की मोटर नुसती गुरगुरायची, सुई अर्ध्यात अडकायची. शेवटी आतलं प्लास्टिकचं गिअर झिजलं. दुरुस्तीचा खर्च ऐकला, त्यात दुसरं मशीन येत होतं. कारखान्यात असतं तसं जुकी टाइप मशीनही बघितलं. त्यात गोधडी सारायला जागा ऐसपैस असते, पण किंमत आणि टेबल दोन्ही आमच्या घराला झेपणारं नव्हतं.

घेतलं ते उषाचं सरळ टाक्याचं, सिंगर कंपनीच्या ‘१५ क्लास’ या जुन्या मॉडेलच्या धाटणीचं. ही धाटणी आपल्याकडे उषापासून लुधियानाच्या लहान कारखान्यांपर्यंत अनेकांनी बनवली, त्यामुळे बॉबिन (खालच्या धाग्याची रिळ), ती बसते ती बॉबिन केस, आणि खालून धागा गुंफणारं शटल कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतं. झिगझॅग मशीनच्या सुईखालच्या पट्टीला सुईसाठी आडवी फट असते. जाड कापड सुईबरोबर त्यात दबतं आणि टाका हलतो. इथे एकच बारीक गोल भोक. टाका रेघेसारखा सरळ पडतो.

खरी अडचण पदर सरकण्याची. पट्टीतले कापड पुढे सरकवणारे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं, आणि शेवटाला चुणी येते. त्यावर उपाय वॉकिंग फूट, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या नेहमीच्या फूटच्या जागी लावायचा जोड. त्याला स्वतःचे दाते असतात, ते वरचं कापडही पुढे नेतात. घेताना त्याचा काटा सुईच्या स्क्रूवर नीट बसतो ना, हे आपल्या मशीनवर लावूनच बघा. काटा त्या स्क्रूबरोबर वरखाली व्हायला हवा, नाहीतर फूट नुसतं घासत जातं. चालताना खटखट आवाज करतं, पण मला साडेसहाशे रुपयांत मिळालं आणि त्याने माझं उसवण्याचं काम जवळजवळ संपवलं. फूटचा दाब वरच्या स्क्रूने थोडा सैल केला, टाका लांब ठेवला. सुई १६ नंबर. जोडकाम जाड असेल तर १८.

सुईपासून मशीनच्या खांबापर्यंत जागा जेमतेम साडेसहा इंच. डबल बेडची गोधडी गुंडाळून त्यातून सारायची म्हणजे खांदे भरून येतात. हाताने आपण कडेकडेने धावदोरा घालत आत येतो, मशीनवर मात्र मी मधली ओळ आधी घालते आणि बाहेर जाते. त्यामुळे चुणी कडेला निघून जाते आणि मशीनच्या मानेखाली कधीच अर्ध्याहून जास्त गोधडी येत नाही. डाव्या हाताला मशीनच्या उंचीचं दुसरं टेबल लावा, नाहीतर गोधडीचं वजन सुईला ओढतं आणि सुई मोडते.

जुनं घेताना रंगावर, सोनेरी नक्षीवर जाऊ नका. मशीन उलटं करून खालचा गंज बघा. सुईचा दांडा बोटांनी हलवा, खडखडला तर सोडून द्या. शटलच्या टोकावर नख फिरवा. नख अडकलं तर धागा तुटणारच. बॉबिन केस धाग्याने लटकवून धरा: आपोआप घसरता कामा नये, हलका हिसका दिला की थोडी खाली यावी. आणि घरून सहा पदरांचा तुकडा न्या. दुकानदार नेहमी दोन पदरांवर चालवून दाखवतो.

सुती साड्यांचे बारीक तंतू शटलमध्ये फार साठतात, प्रत्येक गोधडीनंतर ब्रशने काढते आणि तेलाचे दोन थेंब सोडते. एवढीच देखभाल. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात सैल पडला, कापून परत जोडला.

काज, पिको, फुलापानांची मुक्त शिलाई हवी असेल, तर हे मशीन तुमच्यासाठी नाही. माझ्या मशीनला दाते खाली करायची सोय नाही. मोटर लावता येते, मी लावलेली नाही. जाड जोडावर एकेक टाका सावकाश टाकायला पायडलच बरं पडतं.