‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकाचे जुने अंक: काही महिने वाचल्यानंतर

पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकाचे १९६८ ते १९९७ चे अंक स्कॅन करून नेटवर ठेवलेले आहेत. फुकट, पानन् पान, जाहिरातींसकट. मी जर्सी सिटीत राहतो. ज्या शहराचं हे साप्ताहिक ते नदीपलीकडेच, रोज ट्रेनने तिकडेच जातो, म्हणून हिवाळ्यात सहज उघडलं आणि अजून सुटलेलं नाही.

थोडा इतिहास. आधी ही ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ची रविवारची पुरवणी होती. पेपर मिटला, तेव्हा पुरवणीचा संपादक क्ले फेल्कर याने नोकरी जाताना मिळालेल्या पैशातून नाव विकत घेतलं, मिल्टन ग्लेसर या डिझायनरला बरोबर घेतलं आणि ८ एप्रिल १९६८ चा पहिला अंक काढला. ग्लेसर म्हणजे ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ या बोधचिन्हातला लाल बदाम ज्याने काढला तो. गंमत म्हणजे हाच माणूस जेरोम स्नायडरबरोबर स्वस्तात चांगलं कुठे खायला मिळतं याचं सदरही लिहायचा. सुरुवातीची शब्दकोडी ब्रॉडवेच्या संगीत नाटकांचा रचनाकार स्टीफन साँडहाइम याची. ब्रिटिश धाटणीची, महाकठीण. वाटेला जाऊ नका.

बहुतेक लोक गाजलेले लेख शोधायला येतात. शोधा, पण जरा जपून. ७ जून १९७६ च्या अंकात निक कोनचा ब्रुकलिनच्या डिस्कोत नाचणाऱ्या पोरांवरचा लेख आहे, ज्यावरून पुढच्या वर्षी ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा सिनेमा आला. लेखाबरोबर ठसठशीत टीप आहे की यातलं सगळं खरं आहे, फक्त मुख्य पात्रांची नावं बदलली आहेत. वीसेक वर्षांनी लेखकानेच कबूल केलं की बरंचसं मनचं होतं. हे माहीत असताना ती टीप वाचायला जी मजा येते, ती लेखात नाही.

मला विचाराल तर अंक मागून वाचावा. १९८० मध्ये ‘क्यू’ हे कार्यक्रमांची माहिती देणारं नियतकालिक यात विलीन झालं, त्यानंतर मागची पानं विशेष भरगच्च दिसतात: कुठे कुठलं नाटक, कुठलं हॉटेल कुठल्या दिवशी बंद. ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर ओळीने असलेली ‘इंडियन’ हॉटेलं इथेच भेटतात, जी चालवणारे बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटचे. आणि ‘स्ट्रिक्टली पर्सनल्स’ हा जोडीदार शोधणाऱ्यांचा विभाग तर चुकवूच नका. वय, धंदा, धर्म, आवडीनिवडी, सगळं दीड ओळीत कोंबलेलं. आपल्या रविवारच्या वधू-वर जाहिरातींची सख्खी बहीण. फरक एवढाच, की इथे आईवडील मध्ये नाहीत. शहरात लोक काय खात, काय भाडं भरत, कशाला भुलत, ते या पानांत जेवढं कळतं तेवढं मोठ्या लेखांत नाही.

१९७६ च्या शेवटचा एक आणि १९७७ च्या वसंतातला एक असे दोन अंक शेजारी उघडून संपादकीय मंडळाची यादी बघा. १९७७ च्या जानेवारीत वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मरडॉकने साप्ताहिक ताब्यात घेतलं, फेल्करने जंग जंग पछाडलं पण हरला, आणि कर्मचारी निघून गेले. पहिल्या यादीत फेल्कर, ग्लेसर, दुसरीत नाहीत. त्यापुढचे अंक वाईट नाहीत, पण मला ते जास्त गुळगुळीत वाटतात. सत्तरच्या दशकातला उद्धटपणा परत फारसा दिसत नाही.

आता तक्रारी. अख्खा अंक उतरवून घेता येत नाही. शोध चालतो, पण छपाई फिकट असेल तर अक्षरं चुकीची वाचली जातात आणि हॉटेलचं नाव सापडत नाही. मग रस्त्याचं नाव टाकून बघायचं. मागच्या पानांचा टाइप इतका बारीक की फोनवर डोळे फुटतात, दहा इंची टॅबवर कसंबसं जमतं. आणि १९९७ नंतर काही नाही. २००४ पासून अॅडम मॉसने संपादक म्हणून जो जीव ओतला, २०१४ मध्ये ते पाक्षिक झालं, २०१९ मध्ये व्हॉक्स मीडिया या कंपनीकडे गेलं, ते सगळं बघायचं तर त्यांच्या स्वतःच्या साइटवर जायचं, आणि तिथे वर्गणी लागते. मी अजून भरलेली नाही. सध्या १९८३ मध्ये आहे.