लाकडी थ्री-नॉट-थ्री: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो. भिंतीवर टांगायला घेणार असाल तर थ्री-नॉट-थ्रीची, म्हणजे .३०३ बोअरच्या जुन्या लष्करी रायफलीची, ही डमी महाग आहे. कवायतीसाठी घेणार असाल तर किंमत वाजवी आहे, पण जशी येते तशी ती कवायतीलाही चालत नाही, तिच्यावर काम करावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, आता थंडी सरत आली. एवढ्या दिवसांत ती माझ्या घरापेक्षा गोडोलीत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या खांद्यावरच जास्त राहिली.

सागवानी बट (खांद्याला टेकवायचा दस्ता), लोखंडी पाइपची बॅरल, पितळी बटप्लेट. घडण नंबर १ मार्क ३ ली-एनफील्डची, म्हणजे १९०७ साली आलेल्या आणि दोन्ही महायुद्धांत आपल्या पलटणींनी वापरलेल्या रायफलीची. सातारा जिल्ह्यात हिचं वेगळं कौतुक सांगायला नको. एकट्या अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. खरी थ्री-नॉट-थ्री साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, मग शोभेसाठी त्यातली एक जागा कोण अडवणार? म्हणून माझ्यासारख्यांचा संग्रह स्लिंग (खांद्याचे पट्टे), तेलाच्या पितळी बाटल्या, पुलथ्रू (बॅरल आतून पुसायची दोरी) आणि अशा डमींवरच चालतो.

पहिली तक्रार वजनाची. खरी रायफल पावणेचार ते चार किलोंच्या दरम्यान भरते, लांबी साधारण ११३ सेंटीमीटर. माझी लांबीला बरोबर निघाली, काट्यावर मात्र तीन किलोही भरेना. विकणारा म्हणाला, ‘हलकी आहे, पोरांना बरी.’ इथंच सगळं चुकतं. तीन किलोंवर ‘बाजू शस्त्र’सारखे कवायतीचे हुकूम शिकलेला पोरगा खरं हत्यार हातात आलं की मनगटात कचरतो. एनसीसीत आम्हाला डीपी रायफली मिळायच्या. डीपी म्हणजे खऱ्याच रायफली, फक्त बॅरलला आरपार भोक पाडून आणि फायरिंग पिन निकामी करून कवायतीला काढलेल्या. त्यांचं वजन पुरेपूर असायचं, हात भरून यायचे.

सरावाच्या रायफलींचा सगळा इतिहास तरी दुसरं काय सांगतो? बोअर युद्धात (१८९९-१९०२) इंग्रजांना आपल्या शिपायांची नेमबाजी किती कच्ची आहे ते कळलं, आणि मग गावोगाव पॉइंट टू-टूचे (.२२ बोअरच्या, छोट्या गोळीच्या रायफलींचे) क्लब निघाले. पुढं सैन्यानं जुन्या .३०३ रायफलीच पॉइंट टू-टूमध्ये बदलून घेतल्या. नंबर २ मार्क ४ ही त्यातलीच. बोल्ट, साइट, बट सगळं मोठ्या रायफलीचं, फक्त गोळी छोटी. मॅगझिनच्या पेटीत स्प्रिंगसुद्धा नाही, प्रत्येक गोळी हातानं भरायची आणि रिकामी केस त्या पेटीत पडायची. काडतुसाचा खर्च वाचवायचा, पण हाताची सवय बदलू द्यायची नाही, असा तो हिशेब. दुसऱ्या महायुद्धातली ‘स्विफ्ट’ तर गोळी झाडतच नसे. तिच्या तोंडातून सुई बाहेर यायची आणि समोरच्या कागदाला टोचायची. बट खांद्यात घट्ट दाबलेला नसेल तर ट्रिगर चालतच नसे! एखाद्या उस्तादाची छडीच जणू रायफलीत बसवलेली. अमेरिकी नौदलाला लाकडी डमी पुरवणारी पॅरिस-डन ही आयोवातली कंपनी मुळात पवनचक्क्या बनवायची. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांत गेलो की हे हटकून आठवतं.

वजनाचा इलाज घरीच केला. खऱ्या बटात तेलाची बाटली आणि पुलथ्रू ठेवायला खोबण असते, नशिबानं कारागिरानं तीही काढली होती. तिच्यात शिसं भरलं. पण नुसतं मागं वजन वाढवलं की रायफल मागं झुकते, म्हणून बॅरलच्या पाइपात लोखंडी सळई ठोकून बसवली. आता ती मॅगझिनच्या पुढच्या कडेपाशी बोटावर तोलली जाते आणि ‘सलामी शस्त्र’ला डोलत नाही.

दुसरी भानगड पावसानं केली. साताऱ्याच्या ओलीत लाकूड फुगलं, आणि नंतर ऊन लागताच मॅगझिनच्या पुढं बारीक चीर गेली. वॉर्निश वरवरचं होतं, ते खरवडून काढलं आणि कच्चं जवसाचं तेल पातळ हातानं, आठवड्याच्या अंतरानं, चोळत राहिलो. खऱ्या रायफलींनाही हेच तेल लावत. चिरेला सुतारानं आडवा स्क्रू मारून दिला. इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफली पाहिल्यात का? त्यांच्याही पुढच्या लाकडाला चिरू नये म्हणून असाच आडवा स्क्रू असतो. त्यामुळे माझी डमी त्या स्क्रूनं उलट जास्त अस्सल दिसते.

बटाच्या लांबीची चौकशी मागवण्याआधीच करा. जुन्या काळी लांब, आखूड आणि त्याहून आखूड ‘बँटम’ असे बट निघत आणि त्यावर एल, एस, बी अशी अक्षरं उमटवत. डमीवाले सगळ्यांना एकच माप देतात. आमच्यातल्या बुटक्या पोराला तो बट काखेत अडकतो.

स्लिंगच्या कड्या सैल झाल्या होत्या, त्या बदलल्या. पितळ काळवंडतं, चिंचेनं घासलं की झालं.

नेताना मात्र पिशवीत घालूनच न्या. पोवई नाक्यावर खांद्याला लटकवून चाललात तर लांबून ती नकली आहे हे कुणाला कळणार? बॅरलचं तोंड वेल्डिंगनं बंद आहे ना, तेही पाहून घ्या. नकली हत्यार परवान्याशिवाय खऱ्यात बदलणं हा शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तिथं कसलीही कारागिरी नको.

बोल्ट मागंपुढं होणारा प्रकारही मिळतो, त्याला वरचे पैसे पडतात. कवायतीला त्याची गरज नाही, आणि असलाच तर विश्रामात उभी असलेली पोरं तो खटाखट ओढत बसतात.