क्यूएमू यूजर मोड: बोर्ड शिरोलीत, काम उद्यमनगरात (सहा महिन्यांच्या वापरानंतर)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं युनिट आहे, भट्टीचं तापमान नोंदवणारे डेटा लॉगर करतो. आतला बोर्ड ३२ बिट आर्म प्रोसेसरचा, लॅपटॉपमधल्या इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा. तो कायम शिरोली एमआयडीसीत, गिऱ्हाइकाच्या हीट ट्रीटमेंट भट्टीशेजारी. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी गाडी काढून तिकडं पळायचं, आणि पावसाळ्यात पंचगंगा फुगली की तेही नाही, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ हायवेच बंद होता. म्हणून लॅपटॉपवरच बोर्डाचा प्रोग्राम चालवायचं ठरवलं आणि क्यूएमूचा यूजर मोड घेतला. फुकट आहे, उबुंटूवर एका कमांडमध्ये येतो.

हे नेमकं काय करतं ते आधी सांगते, कारण बरेच जण यात आख्खा दुसरा कॉम्प्युटर चालतो असं समजतात. तसं नाही. फॅब्रिस बेलार्डनं २००३ मध्ये आणलेल्या क्यूएमूचा हा एक भाग, तो फक्त तुमचा एक प्रोग्राम चालवतो, आर्मच्या सूचना इंटेलच्या करून. कर्नल, म्हणजे फाइली आणि हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, मात्र लॅपटॉपचाच. प्रोग्रामनं फाइल उघड म्हटलं, वेळ सांग म्हटलं, की ती कर्नलला केलेली विनंती, म्हणजे सिस्टम कॉल, क्यूएमू पकडतं, लॅपटॉपच्या भाषेत बदलतं आणि पुढं देतं. खरी मेहनत इथंच आहे. साधा राइट कॉल घ्या, ३२ बिट आर्मवर त्याचा नंबर ४, ६४ बिट इंटेलवर १. फाइल उघडताना ओ डिरेक्टरी नावाचा फ्लॅग, म्हणजे खुणेचा आकडा, असतो, आर्मवर त्याची जी किंमत तीच इंटेलवर ओ डायरेक्टची, म्हणजे आकडा तसाच पुढं गेला तर तुम्ही फोल्डर मागताय आणि कर्नल समजणार मेमरीतली कॅश टाळून फाइल उघडायचीय. हे सगळं ते गुपचूप सांभाळतं, सहा महिन्यांत साध्या फाइल आणि नेटवर्कच्या कामात मला एकदाही अडलं नाही.

अडलं ते आयऑक्टलला, म्हणजे डिव्हाइसला खास हुकूम देणाऱ्या सिस्टम कॉलला. आमचं थर्मोकपलचं, म्हणजे तापमानाच्या सेन्सरचं, यूएसबी कार्ड आहे, आठ चॅनेलचं, ड्रायव्हर आमचाच, तो लॅपटॉपच्या कर्नलसाठीही बांधला, म्हणजे कंपाइल केला. कार्ड लावलं, प्रोग्राम चालू केला, लगेच एरर २५, म्हणजे या डिव्हाइसला हा आयऑक्टल लागू नाही. दोन दिवस मी केबल बदलत बसले, कार्ड बदललं, ड्रायव्हर तीनदा बांधला. शेवटी एसट्रेसचा पर्याय लावून चालवलं, त्यात प्रत्येक सिस्टम कॉल आणि त्याचं उत्तर ओळीनं दिसतं, आणि मग डी अनइम्प हा, क्यूएमूला न जमणारं छापणारा पर्याय लावल्यावर स्वच्छ छापून आलं की हा आयऑक्टल सपोर्टेड नाही. कार्डापर्यंत विनंती पोचतच नव्हती. हे दोन पर्याय पहिल्याच दिवशी लावा, एवढं मनापासून सांगते.

यात क्यूएमूची चूक नाही, आमच्या घरगुती ड्रायव्हरचा आयऑक्टल त्याला कुठून माहीत असणार. आयऑक्टलमधून जाणाऱ्या स्ट्रक्चरचा, म्हणजे ओळीनं मांडलेल्या आकड्यांच्या गठ्ठ्याचा, आकार त्याला कळल्याशिवाय ते भाषांतर करूच शकत नाही. आमच्यात लाँग जातीचे दोन आकडे आणि इंट जातीचे आठ, चॅनेलमागं एक, इंट दोन्हीकडं ४ बाइटचा; आर्मवर लाँग ४ बाइटचा म्हणून एकूण ४०, लॅपटॉपवर लाँग ८ चा म्हणून ४८. आणि आयऑक्टलच्या नंबरातच स्ट्रक्चरचा साइज भरलेला असतो, त्यामुळं दोन्हीकडचा नंबरसुद्धा वेगळा!

मग क्यूएमूचा सोर्स कोड उतरवला. लिनक्स यूजर नावाच्या फोल्डरमध्ये तीन फाइलींत भर घालायची, एकीत आर्मच्या बाजूचा नंबर, एकीत स्ट्रक्चरचं वर्णन, एकीत दोघांना जोडणारी टेबलातली ओळ. पहिल्यांदा घाईत मी लाँगच्या जागी इंट लिहिलं. एरर गेला पण पहिल्या चॅनेलवर रीडिंगचा काउंटर दिसायला लागला, दुसऱ्यावर शून्य, आणि पहिल्या थर्मोकपलचं तापमान तिसऱ्यावर. आठ बाइटनी सगळं सरकलं होतं. वर्णन नीट केलं, फक्त आर्मचं टार्गेट निवडून परत बांधलं, आणि आठही आकडे जागेवर. लई भारी वाटलं! आमच्या गल्लीत एखादा पार्ट बाजारात मिळाला नाही की माप घेऊन लेथवर काढून देतात, तसंच झालं हे, फरक एवढाच की माप बाइटमध्ये घ्यायचं.

आता जिथं जपून राहायचं ते. आत पीट्रेस, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्यावर नजर ठेवायचा सिस्टम कॉल, चालत नाही, म्हणून बग शोधायचं जीडीबी आतून लावू नका, क्यूएमूला जी पर्याय आणि पोर्ट नंबर द्या आणि बाहेरून जोडा, ते झकास चालतं. वेगावरून काही ठरवू नका, बोर्डावर किती मिलिसेकंद लागतील ते इथं कळणार नाही. आणि थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणारा, प्रोग्राम असेल तर जास्तच काळजी, इंटेल मेमरीतला क्रम आर्मपेक्षा कडक पाळतो, त्यामुळं बोर्डावर फुटणारा बग लॅपटॉपवर लपून राहू शकतो. म्हणून शेवटची टेस्ट मी अजूनही शिरोलीत जाऊनच करते, फक्त आता आठवड्यातून एक फेरी होते, पूर्वी चार व्हायच्या.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो आयऑक्टल कसा घालायचा हे नवख्याला समजेल असं एका जागी सापडलं नाही म्हणून, मला कोड वाचतच शिकावं लागलं. कोड वाचण्यासारखा आहे हेही खरं. आमचा पॅच, म्हणजे सोर्समध्ये घातलेली भर, तेवीस ओळींचा आहे, वेगळा जपून ठेवलाय, नवीन व्हर्जन आलं की लावायचा, बांधायचं आणि आधी पहिल्या चॅनेलचा आकडा बघायचा.